धूर खंय जाता?

स्टोव्ह बसवून झाला. म्हणजे लाकडाचा, बिडाचा, खाली चार पाय आणि समोर काचेचं दार असलेला. गेले तीन वीकेंड त्यातच गेले. "सेंट्रल हीटिंग असताना हा चुलीचा सोस कशाला?" असं ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी विचारलं. त्यांना मी "वीज जाते ना" एवढंच सांगितलं. पण खरी गोष्ट जरा जुनी आहे, आणि तिच्यात मी फार शहाणा दिसत नाही.

११ डिसेंबर २००८ च्या रात्री आमच्याकडे पाऊस पडला. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या जवळ राहतो. जमिनीलगतची हवा शून्याखाली, त्यामुळे पडेल तो थेंब फांदीवर आणि तारेवर गोठत गेला. रात्रभर झाडं मोडल्याचे आवाज येत होते, बंदुकीच्या बारासारखे. सकाळपर्यंत न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क मिळून दहा लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात होती. आमचा बॉयलर तेलावर चालतो, पण त्याचा पंप आणि बर्नर विजेवर. टाकी भरलेली आणि घर थंडगार! मुलगी आठ महिन्यांची होती. आणि आई कुडाळहून आलेली, तिचा पहिलाच हिवाळा.

दुसऱ्या रात्री आई म्हणाली, "शेगडी पेटव रे, चार कोळसे घाल." माझ्याकडे बार्बेक्यूचे कोळसे होते. एका पत्र्याच्या घमेल्यात ते बाहेर पेटवले, लाल झाले, धूर थांबला, आणि घमेलं उचलून किचनमध्ये आणलं. खिडकी बोटभर उघडी ठेवली. धूर नाही म्हणजे धोका नाही, असा माझा हिशोब. इंजिनिअर ना मी!

तासाभरात डोकं जड झालं. मग भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोंबलायला लागला. मॅसॅच्युसेट्समध्ये मार्च २००६ पासून घरात तो लावणं कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून लावलेला. नाहीतर मी कुठला लावतोय. आणि आता जे सांगतो ते आजही सांगायला लाज वाटते. मी स्टूल घेतलं आणि बॅटरी काढायला वर चढलो. मला वाटलं, फॉल्स पॉझिटिव्ह. खोलीत धूर कुठे होता? बायकोने काही न बोलता मुलीला उचललं, आईचा हात धरला आणि दोघींना घेऊन दार उघडून बर्फात उभी राहिली. बाहेरूनच ओरडली, "आधी खाली उतर."

फायर ब्रिगेडवाले आले, मीटर लावला, घमेलं बाहेर नेलं. फार बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा शेकडो पटींनी घट्ट चिकटतो. लाल फुललेले, बिनधुराचे निखारे तर तो भरपूर सोडतात. आईचीही चूक नव्हती. कुडाळच्या घरावर मंगलोरी कौलं, वर सीलिंग नाही, कौलाकौलातून उजेड येतो. ते घर स्वतःच एक चिमणी आहे. इथलं घर म्हणजे झाकण लावलेला डबा.

त्यानंतर सतरा वर्षं "एकदा नीट स्टोव्ह बसवू" चाललं होतं. गेल्या वर्षी अखेर मनावर घेतलं.

पहिला मोह स्वस्ताचा. एका गृहस्थाच्या गॅरेजमध्ये जुना स्टोव्ह तीनशे डॉलरला मिळत होता. मागची पाटी गायब. ती पाटीच सगळं काही असते, हे मला नंतर कळलं: तपासलेला स्टोव्ह असेल तर भिंतीपासून किती अंतर लागतं ते तिच्यावर छापलेलं असतं. पाटी नसेल तर चहूबाजूंनी ३६ इंच मोकळे सोडायचे. आमच्या हॉलमध्ये तेवढं अंतर सोडलं असतं तर सोफ्यावर स्टोव्ह बसला असता आणि आम्ही अंगणात. शेवटी नवाच घेतला, २०२० च्या धुराच्या नियमांत बसणारा.

मग चिमणी. ती छपरातून जिथे बाहेर पडते तिथून किमान ३ फूट वर हवी, आणि १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येईल त्यापेक्षा किमान २ फूट उंच. नाहीतर वारा छपरावरून घसरून धूर खाली ढकलतो. माळ्यावरून जाताना चिमणी आणि लाकडी वाशांमध्ये २ इंच मोकळी हवा. मला ती फट बघवेना. थंडी येईल म्हणून फायबरग्लास कोंबायला निघालो होतो. बसवायला आलेल्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्या हातातून ते काढून घेतलं. ती फट रिकामी राहिली नाही गेली, म्हणजे राहून गेलेलं काम नव्हे. ती मुद्दाम ठेवायची असते. उष्णता तिथे कोंडली तर शेजारचं लाकूड वर्षानुवर्षं शेकत राहतं, हळूहळू कोळशासारखं होतं, आणि मग पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. पहिल्या वर्षी काही होत नाही. हा असा बग आहे, जो टेस्टिंगमध्ये कधीच सापडत नाही.

स्टोव्हपासून सीलिंगपर्यंतच्या पाइपचे तुकडे मात्र मी स्वतः जोडले, आणि उलटे जोडले. धूर वर जातो, म्हणून खालच्या पाइपचं तोंड वरच्यात घातलं. कारागीर हसला. ओढ नीट असेल तर सांध्यातून धूर बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवाच आत खेचली जाते. खाली येतं ते क्रिओसोट, धुरातलं डांबरासारखं काळं पाणी. म्हणून वरच्या तुकड्याचं चुणीदार तोंड खालच्याच्या आत जायला हवं, आणि प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर हे आईला सांगितलं. तिला अर्धं वाक्यही लागलं नाही. "पन्हळ कशी लावतंव? वरची खालच्यात." अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती.

गावाच्या बिल्डिंग खात्याचं परमिट घेतलं होतं. इन्स्पेक्टर टेप घेऊन आला आणि त्याने मला नापास केलं. पुस्तकात दारासमोर १६ इंच न जळणारी फरशी सांगितलेली, माझी १४ भरली. दोन इंचांसाठी परत टाइल्स! दोन दिवस मी चिडलेला होतो. मग गुडघ्यावर बसून एक रांग वाढवली.

लाकडाचं थोडक्यात सांगतो. ओक दोन उन्हाळे वाळवावं लागतं. ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला मीटर लावायचा, ओल २० टक्क्यांच्या आत हवी. ओलं लाकूड धुमसतं आणि तेच क्रिओसोट बनवतं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर, आणि तीही लाकडी डेकवर नाही. आतले निखारे दिवसेंदिवस जिवंत राहतात. आणि एक आमचा देशी शोध: मासे तळताना एक्झॉस्ट फॅन फुल सोडला की तो स्टोव्हचा धूर घरात ओढतो. आता आधी खिडकी उघडायची, मग सुरमई.

गेल्या शनिवारी पहिला जाळ केला. आई फोनवर, फोन टेबलावर उभा करून ठेवलेला. तिचा पहिला प्रश्न, "धूर खंय जाता?" मी चिमणी दाखवली. नव्या स्टोव्हचा रंग पहिल्यांदा तापला की जळकट वास आणि थोडा धूर सोडतो, हे मला माहीत होतं, पुस्तकात लिहिलेलं होतं, खिडक्याही उघड्या होत्या. तरी दहाव्या मिनिटाला धुराचा अलार्म वाजलाच.

बायकोने माझ्याकडे बघितलं. "स्टूल आणू?"

आम्ही तिघं कोट चढवून बाहेर अंगणात उभे राहिलो. मुलगी आता माझ्यापेक्षा उंच आहे, तिला यातलं काही आठवत नाही. उघड्या खिडकीतून टेबलावरच्या फोनचा आवाज येत होता, "अरे, खंय गेले सगळे?"