रेषेवरची चढाई

मार्गशीर्षातल्या रात्री नवेगावबांध तलावाच्या पाळीवर तळहात आभाळाकडे करून उभं राहावं. हाताला लागतो तो नुसता गारवा. पण त्या तळव्यातून सेकंदाला म्युऑन नावाचे एक-दोन कण आरपार निघून जात असतात. कातडीला कळत नाही, हाडाला कळत नाही. नखाएवढ्या जागेतून मिनिटाला साधारण एक, असं त्यांचं प्रमाण. अर्जुनीच्या स्टेशनावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहणाऱ्यातून ते जातात, आणि बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईच्या पाठीतूनही.

हे म्युऑन जन्मतात आपल्याच हवेत, पंधराएक किलोमीटर उंचीवर. अंतराळातून आलेला एखादा प्रोटॉन तिथं हवेतल्या अणूच्या केंद्रावर आदळतो. त्यातून कण फुटतात, त्या कणांतून आणखी कण. 1912 साली व्हिक्टर हेस फुग्यातून पाच किलोमीटरच्याही वर गेले आणि जसजसं वर जावं तसतसा अंतराळातून येणाऱ्या या वैश्विक किरणांचा मारा वाढतो, हे मोजून आले. 1937 साली आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी वॉल्टर हाइटलरबरोबर इलेक्ट्रॉनांच्या अशाच वर्षावाचं गणित मांडलं. वर्षाव कसा होतो ते उलगडत गेलं. पण पहिल्या प्रोटॉनला एवढा वेग दिला कोणी?

वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी 1934 मध्येच बोट दाखवलं होतं: अतिनवतारा, म्हणजे फुटून मरणारा तारा. आपल्या आकाशगंगेत शतकाला असे दोन-तीन तारे फुटतात. त्यांच्या स्फोटाच्या ऊर्जेतला दहावा हिस्सा कामी आला, तरी सगळ्या वैश्विक किरणांचा हिशेब जुळतो. मला मात्र या हिशेबापेक्षा त्यामागची रीत जास्त भुरळ घालते. कारण तारा कणाला एका झटक्यात भिरकावून देत नाही.

तारा फुटला की त्याचं द्रव्य सेकंदाला हजारो किलोमीटर वेगानं बाहेर धावतं आणि पुढच्या विरळ वायूत आघाताची एक लाट उठते. या लाटेची कड म्हणजे एक सरकती रेष. धान निघाल्यावर झाडीपट्टीत रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात, तिथली मधली रेष आठवावी. गडी रेष ओलांडतो, परततो, पुन्हा चढाई करतो; एका चढाईत हाती लागतो एखादा गुण. प्रोटॉनचंही तसंच. रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे गुंतलेलं चुंबकीय क्षेत्र त्याला वळवून पुन्हा रेषेवर आणतं. आणि गंमत अशी, की तो ज्या बाजूला जाईल त्या बाजूचा वायू त्याच्यावर समोरूनच चाल करून येत असतो. त्यामुळे प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा वाढतेच, शेकडा एक-दोन. एन्रिको फर्मी यांनी 1949 मध्ये अंतराळातल्या भटक्या ढगांवर आपटून वेग घेणारे कण कल्पिले होते. पण ढग कधी समोरून येतो, कधी पाठ फिरवून जातो, म्हणून कमाई फार सावकाश. आघाताच्या रेषेवर मात्र तोट्याची फेरी नाही, हे 1977-78 च्या सुमारास काही शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून वेगळं राहून ओळखलं.

अर्थात काही गडी बाद होतात. प्रत्येक फेरीला थोडे कण मागच्या वायूबरोबर वाहून जातात, ते परतत नाहीत. वाढ आणि गळती यांचं प्रमाण जवळपास सारखं. म्हणून ऊर्जा दहापट होईतो दहातला एकच खेळात उरतो, आणखी दहापट होईतो शंभरातला एक. शेवटपर्यंत टिकलेले थोडेच. त्यांच्यात वेगळं असं काहीच नसतं, तेही तसेच साधे प्रोटॉन. धावता धावता हे कणच पुढचं चुंबकीय क्षेत्र घुसळून काढतात आणि त्या घुसळणीनंच मागचे कण परत फिरतात. अडवणुकीतून वेग येतो, हे मला कितीही वेळा वाचलं तरी नवंच वाटतं.

1006 सालचा अतिनवतारा चीन, जपान आणि अरब देशांतल्या लोकांनी लिहून ठेवला. ऐन उन्हाळ्यात तो नवेगावबांधच्या जंगलांवरूनही दक्षिणेला झळाळला असणार. त्याचा उजेड केव्हाच मावळला, पण त्याची लाट अजून धावते आहे. 1995 मध्ये तिच्या कडेवरून येणारे क्ष-किरण पाहून तिथं इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं फिरताहेत, हे कळलं. फुटलेल्या ताऱ्यांच्या अशा अवशेषांतल्या इलेक्ट्रॉनांची रेडिओ खूण नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीणही टिपते. प्रोटॉनचा पुरावा यायला 2013 उजाडलं. मिथुन राशीतल्या आयसी 443 या अवशेषाकडून आलेल्या गॅमा किरणांत फर्मी दुर्बिणीला त्यांची ठळक खूण सापडली. मिथुन हिवाळ्यात इटियाडोह धरणाच्या पाण्यावर उगवते तेव्हा मी तिच्या पायाशी हटकून पाहतो. डोळ्यांना तिथं काहीच दिसत नाही.

सुटलेले कण आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात लाखो वर्षं वळणं घेत हिंडतात. इथं पोचणारा कण कुठल्या ताऱ्याचा, हे त्याच्या दिशेवरून सांगता येत नाही. पण तो आला की काही करून जातो. त्याच्या माऱ्यातून सुटलेले न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनचं कार्बन-14 करतात. तो कार्बन हवेतून धानाच्या पानात, लोंबीत आणि आपल्या ताटातल्या भातात उतरतो. पुरातत्त्ववाले जळक्या तांदळाचं वय काढतात ते याच्याच आधारे.

ही चढाई कुठवर जाऊ शकते, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. आकाशगंगेतले काही प्रोटॉन माणसानं बांधलेल्या सर्वांत मोठ्या यंत्रातल्या प्रोटॉनांपेक्षा शेकडो पट ऊर्जेचे असतात आणि साध्या अतिनवताऱ्याला एवढं साधतं का, यावर वाद आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उटीचा ग्रेप्स-3 प्रयोग अशाच कणांची मोजणी करतो. 2024 मध्ये तिथल्या मोजणीत 166 टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास प्रोटॉनांची संख्या अपेक्षेइतकी झपाट्यानं घटत नाही असं दिसलं. म्हणजे सरळ उतरत जाईल असं वाटलेल्या रेघेला तिथं बाक आहे, आणि तो कोणत्या ताऱ्यांनी आणला ते शोधायचं आहे.