उलट बाजू

साहित्य शिकविणाऱ्या मनुष्याची अशी एक समजूत असते की, व्याख्यान दिल्यावाचून जगातील कोणतीही वस्तू पूर्ण होत नाही. आमच्या शहरातील संग्रहालयाने आधुनिक अमूर्त विणकामाचे प्रदर्शन भरविण्याचे ठरवून मांडणीच्या समितीवर आम्हांस घेतले, तेव्हा हीच समजूत घेऊन आम्ही तेथे गेलो.

ही वस्त्रे अंगावर घ्यावयाची नव्हेत, भिंतीवर टांगावयाची. त्यांवर ना मोर, ना कोयरी. तांबडे, काळे, पिवळे पट्टे आणि चौकोन एवढेच. इंग्रजीत यांस टॅपेस्ट्री म्हणतात. चित्रांप्रमाणेच ती मांडावी, असे आमचे ठाम मत होते : चौकट, काच, झगझगीत दिवा आणि शेजारी आम्ही लिहिलेला लांबलचक खुलासा. पैकी दिवा संग्रहालयाच्या तरुण अधिकारीणबाईंनी प्रथमच काढून घेतला. उजेडाने रंग उडतात, धागा जीर्ण होतो. म्हणून वस्त्रावर सुमारे ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू द्यावयाचा नाही, हा संग्रहालयांचा दंडक. एवढ्या अंधुक दालनात आमचा खुलासा वाचणार कोण? आम्ही खट्टू झालो. पण काच व चौकट यांबाबत आमचाच शब्द राहिला.

मांडणी होत आल्यावर एका सायंकाळी आम्ही सौभाग्यवतींना ती दाखवावयास नेले. तीस वर्षांच्या संसारात कलेविषयी त्यांचे मत आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवशीही मत नव्हे, कौतुकच हवे होते. एका वस्त्रापुढे बराच वेळ उभ्या राहून त्या चौकटीमागे डोकावू लागल्या.

"अहो, याची उलट बाजू कशी आहे?"

"ती कोणी पाहत नसते," आम्ही म्हणालो.

"मग विणकाम चांगले की वाईट, हे ठरविता कशावरून? माझ्या लग्नातली पैठणी आईने पदर उलटून पाहूनच घेतली होती."

आम्हांस उत्तर सुचले नाही. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा आडवा धागा आपल्या नक्षीपुरताच जाऊन परत फिरतो व शेजारच्या रंगात अडकतो; म्हणून दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. हीच टॅपेस्ट्रीची रीत. जिच्यावर आम्ही खुलासा लिहीत होतो, ती विद्या आमच्याच घरच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेली होती!

त्या रात्री आम्ही पुस्तके काढून बसलो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात उभ्या मागावर विणकर वस्त्राच्या मागल्या अंगास बसतो आणि पुढची बाजू आरशात पाहतो. आनी आल्बर्स १९२२ साली जर्मनीतील बाऊहाउस कलाशाळेत गेल्या. तेथे स्त्रियांना बहुधा विणकामाकडेच वळवीत, म्हणून त्या मागावर बसल्या. १९४९ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. विणकामाच्या कलावंताचा असा मान तेथे पहिलाच. त्यात त्यांचे विणलेले पडदे भिंतीपासून दूर, मोकळे टांगले होते.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे आम्ही हे सर्व सविस्तर मांडले. चौकटी उतरल्या, वस्त्रे वरच्या काठाला पट्टी शिवून दालनाच्या मध्यभागी अशी टांगली की, लोकांना भोवती फिरून दोन्ही बाजू पाहता याव्यात. ही कल्पना सुचली कशी, असे अधिकारीणबाईंनी विचारले. "वाचनातून," आम्ही म्हणालो.

उद्घाटनाच्या वेळी अध्यक्षांनी आमच्या मौलिक दृष्टीची फार प्रशंसा केली. दुसऱ्या रांगेत तीच पैठणी नेसून सौभाग्यवती बसल्या होत्या. सर्वांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजविल्या. घरी आल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. पैठणीची घडी घालताना पदर आत राहील, एवढी काळजी त्यांनी घेतली.

समितीच्या इतिवृत्तात ती सूचना आमच्याच नावावर आहे. तिची उलट बाजू ही अशी.