आमच्या दुकानाच्या वहीतली मंदी

आठवीच्या वर्गाला समाजशास्त्राच्या बाईंनी घरचा अभ्यास दिला होता. ‘मंदी म्हणजे काय, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहून आणा.’ माझी धाकटी लेक वही घेऊन थेट दुकानात आली. संध्याकाळची वेळ होती, गल्ल्यावर मी एकटीच होते. ‘मंदी म्हणजे बाजारात मागणी कमी होणे,’ असे मी सांगायला लागले, तर तिने पेन खाली ठेवले. म्हणाली, “ते पुस्तकात आहे की. तू बघितलेली सांग.”

बघितलेली सांगायची तर वह्या काढायला हव्या होत्या. आमचे दुकान शहापुरात. खिळे, बिजागऱ्या, नळ, पाइप, रंग आणि सिमेंट, असे घरबांधणीला लागणारे किरकोळ सामान आम्ही विकतो. सासऱ्यांनी सुरू केलेले हे दुकान मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजायची आणि जुनी माळ्यावर टाकायची, ही रीत. त्या दिवशी मायलेकींनी मिळून चार-पाच वह्या खाली काढल्या आणि झटकून उघडल्या. लेकीच्या जे लगेच लक्षात आले, ते माझ्या इतक्या वर्षांत आले नव्हते. वाईट वर्षांच्या वह्या जास्त भरलेल्या होत्या.

चांगल्या वर्षी एका नावापुढे एकच ओळ असते. ‘सिमेंट ४० पोती.’ पान रिकामे राहते, पण रक्कम मोठी. वाईट वर्षी त्याच नावापुढे दहा-बारा ओळी. अर्धा किलो खिळे, नळाचा वॉशर, पांढरे सिमेंट दोन किलो, रेड ऑक्साइडचा छोटा डबा, चुन्याची पिशवी. नवे बांधायचे थांबते, पण गळका नळ कुणासाठी थांबत नाही. माणूस मोठे काम पुढे ढकलतो आणि छोटी कामे करून घराला वेळ काढायला लावतो. दुकानदाराला मात्र दहा वेळा उठून दहा वस्तू द्याव्या लागतात आणि संध्याकाळी गल्ला हलकाच असतो.

पहिली वही २००८ ची. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी होती. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, अमेरिकेत लेहमन ब्रदर्स नावाची मोठी बँक बुडाली. आमच्या गल्लीत ते नाव कुणाच्या कानावरून गेले नव्हते. पण बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आहेत, तिथे गाड्यांच्या आणि यंत्रांच्या भागांचे ओतकाम होते, हे आपल्या मुलांना सांगायला नको, कारण कितीतरी मुलांचे वडील तिथेच कामाला आहेत. गाड्या खपेनात तशा कास्टिंगच्या ऑर्डरी कमी झाल्या. नोकरी लगेच गेली असे नाही, ओव्हरटाइम गेला. हे बारीक वाटते, पण बारीक नाही. आमच्या अनगोळ-वडगावच्या बाजूला पगारावर घर चालते आणि ओव्हरटाइमवर घर बांधले जाते. कोलमवर सळया ठेवून, ‘पुढच्या वर्षी वरचा मजला’ म्हणून माणूस थांबतो. त्या वर्षी अनेक सळया तशाच उभ्या राहिल्या. गंमत अशी, की अमेरिकेत हे सगळे सुरू झाले ते घरांच्या कर्जावरूनच. तिकडच्या लोकांना न झेपणारी घरे विकली आणि इकडे अनगोळातल्या मोल्डरचा जिना अर्ध्यात थांबला.

सासरे तेव्हा दुकानात बसत. काम थांबवणाऱ्या प्रत्येकाला ते एक सल्ला देत. उघड्या सळयांना सिमेंटची पातळ रबडी दोन हात लावून घ्या आणि वर प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज धरेल आणि पुन्हा काम काढाल तेव्हा तारेच्या ब्रशने घासत बसाल. चाळीस पोत्यांच्या गिऱ्हाइकाला ते पाच किलो सिमेंट आणि एक ब्रश देऊन पाठवत. मला तेव्हा वाटायचे, हा कसला धंदा! पण ते गिऱ्हाईक २०११ साली परत आले, ते आमच्याकडेच आले. वहीत ते नाव आहे.

मला स्वतःला हे नवे नव्हते. माझे माहेर निपाणीजवळच्या खेड्यात, तंबाखूच्या पट्ट्यात. आमचे घर म्हणजे तंबाखूच्या दराचा तक्ताच होता. दर बरा लागला त्या वर्षी पुढच्या सोप्याला शहाबादी फरशी आली. पडला त्या वर्षी मागची भिंत गिलाव्याशिवाय राहिली, ती माझ्या लग्नापर्यंत तशीच होती. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर हमरस्ता अडवला, त्यात वडीलही जाऊन बसले होते. एप्रिलमध्ये तिथे गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. वडील त्याबद्दल फारसे बोलत नसत. फक्त त्या वर्षी पावसाळ्याआधी कौले परतली नाहीत आणि आई घरभर भांडी मांडून बसली होती, एवढे मला आठवते.

२०१६ ची वही लवकर बघून झाली. ८ नोव्हेंबरला ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, दिवाळीनंतर नऊ दिवसांनी. लग्नसराईत घरे रंगवायचा तो हंगाम. बेळगावात शनिवारी बाजार आणि शनिवारीच गवंड्यांचा, बिगाऱ्यांचा आठवड्याचा हिशेब. बँकेतून आठवड्याला २४ हजारांवर रक्कम निघेना, मग मिस्त्रीने सात-आठ माणसांचा पगार कशाने द्यायचा? कामे पैशांअभावी नव्हे, नोटांअभावी थांबली. दोन-तीन महिन्यांत ते निवळले.

पण २०२० चे पान आले आणि लेकीने विचारले, “हे कोरे का?” तिथे मला थांबावे लागले.

आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१९ मध्ये, आपल्या भागात जो पाऊस झाला तो सगळ्यांना आठवत असेल. मातीच्या भिंतींची घरे शेकड्यांनी बसली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने पाच लाख जाहीर केले, तेही टप्प्याटप्प्याने मिळणार होते. म्हणून २०२० च्या सुरुवातीला आमच्याकडे कधी नव्हे इतकी गर्दी होती. वीटभट्ट्या पेटलेल्या, गवंडी मिळेना. त्याच धामधुमीत आम्हीही आमच्या घरावर एक खोली काढायला घेतली. काम आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे. त्यांचे नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांची बायको बिगारीला आणि मोठी मुलगी आपल्याच शाळेत नववीत. पाडव्याला चौकट बसवायची ठरली होती.

त्या वर्षी पाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली.

दुकान बंद. कोपऱ्यात सिमेंटची ऐंशी पोती. सिमेंट ठेवून वाढत नाही, तीन महिन्यांत त्याची ताकद उतरायला लागते आणि ओल लागली तर दगड होतो. भट्ट्यांवर कच्च्या विटा वळवाच्या पावसात विरघळल्या. मागच्या जागेत भाऊजींची रोपवाटिका आहे, तिथे तर आणखी कठीण. सिमेंट निदान पाणी मागत नाही. हापूसची कलमे, नारळ, नव्या बंगल्यांसाठी वाढवलेले शोभेचे पाम, या सगळ्यांना रोज पाणी हवे, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून झाड वाढायचे थांबत नाही. पिशवीत मुळे गोल गोल फिरू लागतात. अशी मुळे गुंडाळलेली झाडे पुढे जमिनीत लावली तरी नीट धरत नाहीत. भाऊजी रोज सकाळी जाऊन मोठ्या पिशव्या बदलायचे आणि संध्याकाळी त्याचा खर्च मांडत बसायचे.

मे महिन्यात दुकाने उघडली तेव्हा मिस्त्री आले. तोंडाला गमछा बांधून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, काम सुरू करायचं काय?”

हातात पैसे होते. पुढे काय होईल ठाऊक नव्हते, म्हणून मी म्हटले, “आता नको. दिवाळीनंतर बघू.”

“बरं. मग भिंतीवर पत्र्याची छपरी तेवढी घालून देतो की. पाऊस आला की भिजंल ओ.”

ते एका दिवसाचे काम होते. मी तेही ‘नंतर’ म्हटले. मिस्त्री “होय की” म्हणून गेले. ते काम मागत होते, भिंतीची काळजी हे निमित्त होते, हे मला कळले नाही असे मी म्हणणार नाही. कळले होते.

जूनमध्ये शाळेचे वर्ग मोबाइलवर सुरू झाले. ऑगस्टच्या सुमारास वर्गशिक्षिकेचा मला फोन आला, की अमुक मुलगी वर्गाला दिसत नाही, तुमच्या ओळखीचे घर आहे ना, चौकशी करता का? मी गेले. मिस्त्री हातगाडीवर भाजी विकायला लागले होते. घरात मोबाइल एकच, आणि गिऱ्हाइकांचे फोन येतात म्हणून तो गाडीबरोबर जायचा. मुलगी रात्री नऊनंतर मैत्रिणीच्या वहीवरून उतरवून घेत होती. घराबाहेर थापी, ओळंबा आणि रंधा एका पोत्यात बांधून ठेवले होते.

घरातला जुना मोबाइल आम्ही तिला दिला. ही काही सांगायची गोष्ट नाही, आणि त्याने ते दोन महिने भरूनही आले नाहीत. मे महिन्यात त्या छपरीचे आणि मागोमाग चार किरकोळ कामांचे पैसे त्या घरात गेले असते, तर कदाचित भाजीच्या गाडीची वेळ आलीच नसती. आमची भिंत भिजली ती भिजली. बचतही झाली नाही. २०२२ मध्ये आम्ही खोली पुरी केली, तेव्हा २०२० मध्ये टनाला चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आसपास असलेली सळई सत्तर हजारांच्या पुढे गेली होती. मिस्त्री त्या कामाला आले नाहीत. “आता उंचावर चढवत न्हाई वहिनी, पुतण्याला पाठवतो,” म्हणाले. पुतण्याने काम चांगले केले, पण चौकट किंचित तिरकी बसली आहे. दार आपोआप मिटते.

रोपवाटिकेचे मात्र वेगळे झाले. जूनमध्ये मृगाला लोक बाहेर पडले ते भाजीची रोपे मागत. ज्यांनी कधी परसात पाऊल टाकले नव्हते ते मिरची, वांगी, कढीपत्ता विचारू लागले. तेव्हा जगभर तसेच झाले म्हणे. अमेरिकेत लोक घरी बसून इतके ठोकाठोकीला लागले की २०२१ मध्ये लाकडाचे भाव कधी नव्हे इतके चढले. आमच्याकडे रुपया-दोन रुपयांच्या रोपांवर भाऊजींनी पावसाळा काढला. पामची मोठी झाडे मात्र कुणी घेतली नाहीत. विकायच्या पलीकडे वाढलेली जांभळाची काही रोपे होती, ती त्यांनी मुळे कापून, मोकळी करून शाळेच्या मागच्या कुंपणाला लावली. मधल्या सुट्टीत मुले ज्यांच्या सावलीत डबे खातात, ती हीच.

परवा, सप्टेंबर २०२५ मध्ये, सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, तेव्हा दुकानात पुन्हा ‘वरचा मजला काढू काय?’ विचारणारे आले. मी दर सांगते, आणि काम अर्ध्यात थांबवायची वेळ आली तर काय करायचे, तेही सासऱ्यांसारखे सांगून टाकते. छपरी घालायची, सळयांना रबडी लावायची, आणि मिस्त्रीला ‘नंतर’ म्हणायच्या आधी घरातली चार छोटी कामे काढून बघायची. काहीजण ऐकतात, काहीजण मोबाइल बघतात.

लेकीच्या दहा ओळी लिहून झाल्या. कोऱ्या पानाबद्दल तिने काय लिहिले, ते मला दाखवले नाही.

मिस्त्रींच्या नावावर वहीत अजून ६४० रुपये बाकी आहेत. मी खोडायला निघाले तेव्हा ते रागावले, म्हणून दरवर्षी ती पुढच्या वहीत ओढते. त्यांची मुलगी आता बी.कॉम. करते. ते स्वतः उंचावरची कामे घेत नाहीत, पण बैठ्या घरांची कौले परतायला मात्र मे महिन्यात अजून येतात. मागच्या खेपेला शाळेवरून जाताना त्यांनी जुन्या इमारतीकडे बघून सांगितले, की पश्चिमेच्या अंगाची कौले सरकली आहेत, दोन रिपा बदलायला झाल्या आहेत, आणि वळीव लागण्याआधी केले तर चार दिवसांचे काम आहे. विश्वस्त मंडळींच्या कानावर असावे म्हणून लिहिते.