हिशेबाचे सदर

जावईदेखील लग्नानंतर वर्षभर आपल्या कपाटाला हात लावीत नाही. फोनवर उतरविलेले हिशेबाचे ॲप मात्र उंबरठ्यावरूनच किल्ल्या मागते, आणि आपण त्याची रंगीत वर्तुळे पाहून त्या खुशाल देतो!

माझी निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. पगार थांबल्यावर महिन्याला किती लागेल, हा आकडा आधी कळावा म्हणून गेल्या दिवाळीत ॲपचा विषय घरात निघाला. तोवर सारा हिशेब सौ.च्या डायरीत होता. चिरंजीव पुण्यास संगणकाच्या कंपनीत; त्यांनी फराळाचे ताट बाजूला सारून माझ्या फोनवर एकामागून एक तीन ॲपे चढविली.

पहिले ॲप बँकेचे संदेश स्वतः वाचून खर्च मांडणारे होते. काही टिपायला नको, ही सोय मोठीच. पण त्या संदेशांत शिल्लक असते, हप्ता चुकल्याची आठवण असते, कधी डॉक्टरांच्या तपासणीचे बिलही असते. पूर्वी वॉलनट नावाचे ॲप असेच संदेश वाचून हिशेब करी. २०१८ साली ते कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने विकत घेतले. त्यात गैर काही नाही. पण आपली वही उद्या सावकाराच्या गादीवर जाऊ शकते, एवढे ध्यानात असावे. अमेरिकेतले मिंट तर लाखो घरांचे हिशेब सांभाळत होते. तेही २०२४ च्या मार्चमध्ये बंद झाले. दुसरी एक वाट ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ची. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला हा मध्यस्थ आपल्या संमतीने बँकेची माहिती पुढे पोहोचवितो, स्वतः ती वाचू शकत नाही, आणि दिलेली संमती मागे घेता येते. ही रीत मला त्यातल्या त्यात सभ्य वाटली.

महिनाभर पहिले ॲप वापरून पाहिले. बाजारात सांभाराची जुडी आणि वांगी घेऊन क्यूआरवर पैसे दिले, की भाजीवाल्याचे नाव येई आणि ॲप ते ‘मित्रास पाठविले’ म्हणून टिपी. माझ्याच एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे खर्च ठरत. सौ.ची भिशी रोखीची, ती त्याच्या गावीही नव्हती.

आणि एका सदरावर त्याने लाल खूण केली. दरमहा तीन हजार रुपये.

माझी थोरली बहीण काटोलला असते. वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो. ताईने शिलाई मशीन चालवून माझी डिप्लोमाची फी भरली. तिचे हात आता थरथरतात, सुई ओवता येत नाही. हे पैसे तिचे. चिरंजीवांनी लाल खूण पाहून हळूच विचारले, “बाबा, रिटायर झाल्यावर हे झेपेल का?” मुलाच्या मनात वाईट नव्हते, प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. माझ्याजवळ उत्तर तयार नव्हते.

सौ.ने डायरी आणून उघडली. दूध, मग ताई, मग विजेचे बिल. मागची पाने उलटली, तिथेही तोच क्रम. दान नाही, भेट नाही, किरकोळ तर नाहीच.

“दूध बंद करणार आहेस का?” तिने मुलाला विचारले. “आणि कमी करायचेच असेल तर आधी माझी भिशी कमी कर.”

चिरंजीव काही बोलले नाहीत. ते ॲप त्यांनी स्वतःच काढून टाकले.

शेवटी निवडले ते साधे, हाताने भरायचे ॲप. ते संदेश वाचीत नाही, बँकेशी जोडावे लागत नाही, सदरे आपली आपण ठरवता येतात, आणि महिन्याचा हिशेब एक्सेलच्या फाइलीत काढून ठेवता येतो. उद्या कंपनी बुडाली तरी वही आपल्या घरी. चिरंजीवांना हा मागासलेपणा वाटतो. पण मी खापरखेड्याच्या वीजकेंद्रातला माणूस. तिथे २१० मेगावॉटचे चार संच आहेत, ५०० चा एक. नोकरीच्या आरंभी दर तासाला लॉगशीटवर तापमान, दाब हाताने लिहीत असू. बेअरिंगचे तापमान दोन अंशांनी चढले तर पेन क्षणभर थांबे. धोक्याची घंटा त्यानंतर पुष्कळ वेळाने वाजायची.

आता रात्री जेवणे झाली की सौ. खर्च सांगते आणि मी फोनवर भरतो. सहा महिन्यांचा ताळा मांडला, तेव्हा नागपूरच्या फेऱ्यांचे पेट्रोल आणि तिथले बाहेरचे खाणे मिळून ताईच्या रकमेच्या पुढे गेलेले निघाले. तर्री-पोह्यांवर आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. हल्ली नागपूरची कामे साठवून एकाच फेरीत उरकतो. ॲपमध्येही विजेच्या बिलाच्या वरच्या ओळीत ताई आहे.