नगारजी

केंब्रिजजवळच्या ट्रम्पिंग्टन गावच्या चर्चमध्ये पितळी पत्र्यावर एक सरदार कोरलाय. त्याच्या ढालीवर दोन ट्रम्पेट. घराणं ट्रम्पिंग्टनांचं, म्हणून ट्रम्पेट. साधा शब्दखेळ, पण ऐटीत मिरवलेला.

आपल्याकडे वाद्याचा मान कानांनी ऐकायचा. मुघल उमरावाला नौबत वाजवायची तर बादशहाची परवानगी लागे. रायगडावर दरबारात शिरायचं तेही नगारखान्याखालून. मान मात्र धन्याचा. वाजवणाऱ्याच्या वाट्याला आडनाव आलं, नगारजी.

कात्रपच्या माझ्या वर्गात हजेरीत हे आडनाव आलं की पोरं बाक बडवतात. परवा मी फळ्यावर लिहिलं: अरबी नक्कारा, आपला नगारा, जुन्या इंग्रजीतला नेकर, मूळ एकच. ‘नेकर’वर वर्ग खदखदून हसला. या वेळी तोही हसला.