कोनशिलेला निधी आहे, दुरुस्तीला का नाही?

सरकारला इमारत बांधता येते, सांभाळता येत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. सांभाळणे न जमणे वेगळे आणि त्यासाठी पैसाच न ठेवणे वेगळे. राज्याच्या अर्थसंकल्पात नवे बांधकाम भांडवली खर्चात येते. त्याची कोनशिला बसते, तिच्यावर मंत्र्यांची नावे कोरली जातात. सरकारी इमारतींची देखभाल-दुरुस्ती मात्र '२०५९ सार्वजनिक बांधकामे' यासारख्या महसुली लेखाशीर्षात पडते. गळती थांबवलेल्या स्लॅबवर कुणा पुढाऱ्याचे नाव लागत नाही! म्हणून काटकसरीची कात्री आधी इथेच चालते.

पुण्यातल्या एका शासकीय मागासवर्गीय वसतिगृहात मी चार वर्षे काढली. जून लागला की खाटा भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणायच्या आणि पुस्तकांच्या पेट्या खाटांवर ठेवायच्या. आम्ही अर्ज देत राहिलो. उत्तर एकच, "अंदाजपत्रक पाठवले आहे." पुढे माहितीच्या अधिकारात कागद काढले, तेव्हा या वाक्याचा प्रवास दिसला. अंदाजपत्रक, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निधीची तरतूद, निविदा. मध्येच नवी दरसूची आली की अंदाजपत्रक पुन्हा पहिल्यापासून. पैसा आलाच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा. मग भिंतींना रंग दिला जातो. रंग झटपट होतो, बिल झटपट निघते. स्लॅब गळतच राहतो.

पैसा नाही म्हणावे, तर मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्या योजनेत आपल्याही आयाबहिणी आहेत, त्यांच्या दीड हजाराला माझा विरोध नाही. पण तो कुणाच्या ताटातून काढला, हे विचारायला नको का? आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ सालीच अनुसूचित जाती उपयोजनेचा कायदा केला. आपल्याकडे एका शासन निर्णयाने निधी फिरतो.

ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा कुठून येतो, कुठे जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी तपासले. आपल्या जयंती मंडळांनी अर्थसंकल्पाची पुस्तके कधी उघडली?

तूर्त एवढे करा. आपल्या भागातल्या वसतिगृहाच्या दुरुस्तीसाठी गेल्या पाच वर्षांत किती मागितले, किती मंजूर झाले आणि किती न खर्चता परत गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात.

जय भीम!