अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट: एका तबकडीपुरता उरलेला बँड

सत्तरच्या दशकातील मुंबई म्हटली की आर. डी. बर्मन यांचे संगीत, दलित पँथर आणि आणीबाणी आठवते. त्याच शहरात ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा बँड सायकेडेलिक रॉक वाजवत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

तो काळ परवान्यांचा होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनणाऱ्या फियाटसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत असत. तिथे परदेशी गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायरची काय कथा! रॉकला आश्रय दिला तो सिगारेटने. ‘सिमला’ या ब्रँडच्या जाहिरातीसाठी भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षांच्या संकलन-तबकड्या निघाल्या. १९७२ च्या ऑक्टोबरात तर लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या लहानशा डिस्कोथेकमध्ये स्थानिक वादकांच्या साथीने वाजवून गेले.

अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट याच वातावरणातला. कीथ कांगा हे त्याचे सूत्रधार, नील चट्टोपाध्याय गिटारवर आणि गायक मधुकर चंद्र दास. १९७४ मध्ये अ‍ॅलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रंगमंचावर आणले, तेव्हा येशूची भूमिका याच दास यांनी केली. त्यांच्यासमोर ज्यूडास होते ‘सॅव्हेजेस’ बँडमधून गाणारे नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. हेच नंदू भेंडे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त गायले. ब्रेख्तच्या नाटकाचे ते रूपांतर जब्बार पटेलांनी बसवले होते. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या प्रयोगाचे कौतुक यथायोग्य होते. पण तो आवाज ज्या इंग्रजी रॉकच्या तालमीत घडला, तिची दखल क्वचितच घेतली जाते. भाषा वेगळी म्हणून शहरही वेगळे मानण्याची ही सवय इतिहासलेखनाला महागात पडली आहे.

बँडचा एकमेव अल्बम ‘ऑब्सेशन ७७’. हेन्ड्रिक्सचे ‘फॉक्सी लेडी’ आणि ‘गॉडफादर’ची सुरावट त्यात एकाच तबकडीवर नांदतात. हा संयोग विचित्र वाटेल, पण हॉटेलांतून आणि क्लबांतून रोज वेगळ्या श्रोत्यांना रिझवणाऱ्या वादकांचा संग्रह असाच असायचा. त्या काळी भारतीय रॉक बँडची पूर्ण लांबीची तबकडी ही अपूर्वाईच होती. पुढे मूळ प्रती परदेशी संग्राहकांच्या हाती गेल्या आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीने अल्बम पुन्हा काढला. मुंबईत घडलेल्या या संगीताचे जतन मुंबईबाहेर झाले, ही बोचणारी गोष्ट.

नंदू भेंडे २०१४ मध्ये गेले. ती पिढी आता सत्तरी ओलांडते आहे. घरच्या माळ्यावर ‘सुपरस्टार’चे तिकीट, सिमला बीटचे पत्रक किंवा एखाद्या क्लबमधला धूसर फोटो सापडला, तर तो रद्दीत देण्याआधी मागे नावे आणि साल लिहून ठेवावे. आजोबांना विचारूनच.